कामकरी किशोर आणि रक्तदाब

रायपूर शहराच्या पूर्व अंगास तेलीबांधा नावाचे एक जुने तळे आहे. तळ्याकाठी फिरण्यासाठी फरसबंद वाट केलेली असून मुंबईच्या अनुकरणाने लोक तिला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. पहाटे तेथे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते, सायंकाळी खावयास येणाऱ्यांची. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत आणि १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होता. तेव्हा या वाटेवर मराठी कानी पडली तर नवल वाटावयास नको.

एका हिवाळी रविवारी सकाळी प्रस्तुत लेखक तेथे गेला असता, फिरावयास येणाऱ्यांसाठी रक्तदाब तपासण्याची सोय केलेली दिसली. एक मेज, दोन खुर्च्या आणि एक परिचारिका, एवढाच सरंजाम. चहाचे रिकामे पेले गोळा करीत एक मुलगा तेथे आला. वय पंधरा, इयत्ता दहावी. “ताई, माझाही बघा ना,” असे म्हणून त्याने गमतीने बाही वर सारली. आकडा आला १३८ वर ८६.

“धावत आलास ना?” परिचारिका म्हणाली. “ते पेले आधी खाली ठेव. पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बस.”

पाच मिनिटांनंतर पुन्हा मोजला तेव्हा आकडा १२८ वर ७८ पर्यंत उतरला होता. तिने तो कागदावर लिहून दिला आणि पुढील दोन रविवारी पुन्हा येण्यास सांगितले. मुलाने कागद खिशात ठेवता ठेवता विचारले, “ताई, काम केल्याने वाढतो काय हा?”

“कामाने नाही वाढत. पण कोणते काम, आणि रात्री किती वाजेपर्यंत, ते सांग बरे,” ती म्हणाली.

त्या परिचारिकेच्या प्रतिप्रश्नात या विषयाचे बरेचसे शास्त्र सामावलेले आहे. ते नीट समजण्यासाठी प्रथम रक्तदाब म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटास सुमारे सत्तर वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक आकुंचनात सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त धमन्यांत लोटते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. हे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो जोर देते तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी तो सर्वांत अधिक असतो. हा वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा तो सर्वांत कमी असतो. हा खालचा आकडा. दाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय किती रक्त लोटते आणि बारीक धमन्या त्यास किती अडथळा करतात. बागेतील रबरी नळीचा दाखला येथे चांगला लागू पडतो. तोटी अधिक उघडली तरी नळीतील दाब वाढतो, आणि नळीचे तोंड अंगठ्याने आवळले तरी वाढतो.

हा दाब प्रथम मोजला तो इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीच्या धमनीत नळी बसविली व तिला लांब काचेची नळी जोडली. तीत रक्त आठ फुटांहून वर चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या बाबतीत अर्थातच ही रीत उपयोगाची नव्हती. इटलीतील रिव्हा-रोची याने १८९६ मध्ये दंडाला गुंडाळून फुगविण्याचा पट्टा आणला आणि रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ याने १९०५ मध्ये, पट्टा हळूहळू सैल करीत असता धमनीवर श्रवणनलिका ठेवून येणारे आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली. पाऱ्याची उपकरणे आता बहुतेक ठिकाणांहून गेली. मोजण्याचे एकक मात्र पाऱ्याच्या मिलिमीटरचेच राहिले आहे.

मोजणे सोपे, पण बरोबर मोजणे तितके सोपे नाही. पायऱ्या चढून आलेल्या, बोलत असलेल्या, लघवी रोखून बसलेल्या माणसाचा दाब खऱ्याहून अधिक भरतो. हात लोंबता असला, पाय अधांतरी असले, तरी आकडा बिघडतो. किशोरांच्या बाबतीत पट्ट्याचा प्रश्न विशेष आहे. पट्ट्यातील फुगणाऱ्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के असावी लागते. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो. कृश मुलाच्या दंडाला प्रौढांचा मोठा पट्टा गुंडाळला तर उगाच उतरतो. आपल्याकडील शाळांतून बारीक हातांची मुले पुष्कळ असतात. तेथे मोठ्या पट्ट्याने मोजून “सर्व ठीक” असा शेरा मारला जाण्याचा धोका अधिक, असे मला वाटते.

तेरा वर्षांखालील मुलांसाठी वय, उंची व लिंग यांनुसार कोष्टके पाहावी लागतात. तेरा वर्षे व त्यापुढील किशोरांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सरळ आकडे दिले: १२० वर ८० याच्या आत असेल तर योग्य, वरचा आकडा १२० ते १२९ व खालचा ८० च्या आत असेल तर वाढलेला, १३० वर ८० किंवा त्याहून अधिक असेल तर अतिदाब. मात्र एका मोजणीवरून अतिदाबाचा निर्णय करावयाचा नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी दाब चढलेलाच सापडला पाहिजे. परिचारिकेने त्या मुलास पुन्हा बोलाविले ते यासाठी.

कोणी म्हणेल, पंधराव्या वर्षी एवढी चिंता कशास? अतिदाबाने पक्षाघात होतो, मूत्रपिंडे निकामी होतात, ते सारे पन्नाशीनंतरचे. पण लहानपणी ज्यांचा दाब समवयस्कांत वरच्या रांगेत असतो, त्यांच्यापैकी पुष्कळांचा तो मोठेपणीही वरच्याच रांगेत राहतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील बोगालुसा या गावी १९७३ पासून मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. त्यांतील जी काही मुलेमुली अपघातांत व इतर कारणांनी दगावली त्यांच्या शवपरीक्षांत, कोवळ्या वयातच धमन्यांच्या आतील अस्तरावर चरबीचे पट्टे उमटलेले आढळले. आणि ज्यांचा दाब व रक्तातील मेद जिवंतपणी अधिक होते, त्यांच्यात ते अधिक होते. म्हातारपणाच्या रोगाचा पाया शाळेच्या वयात घातला जातो, तो असा.

आता कामाकडे वळू. पहिली गोष्ट ही की अंगमेहनत आणि अतिदाब यांचे नाते लोक समजतात तसे नाही. मनुष्य धावतो, सायकल चालवितो, नांगर धरतो, तेव्हा वरचा आकडा १८० किंवा त्याहूनही वर जातो. पण स्नायूंतील वाहिन्या रुंदावल्यामुळे खालचा फारसा हलत नाही, आणि काम संपल्यावर दाब काही तास पूर्वीपेक्षाही खाली राहतो. नियमित व्यायामाने दाब उतरतो तो याच मार्गाने. परंतु जड वस्तू उचलून धरणे ही गोष्ट निराळी. तेव्हा ताठरलेले स्नायू वाहिन्यांना आवळतात, श्वास कोंडला जातो आणि दोन्ही आकडे एकदम उसळतात. कॅनडातील संशोधकांनी १९८५ मध्ये कसलेल्या वजनपटूंच्या धमनीत थेट नळी घालून मोजले. पायांनी प्रचंड वजन रेटताना त्यांचा सरासरी दाब ३२० वर २५० भरला! हा क्षणिक उसळा निरोगी तरुणास सोसतो. पण पोती वाहणारा हमाल दिवसभर असेच उसळे सोसत असतो, तेही थकल्यावर न थांबता. डेन्मार्कमधील होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यांनी याच विसंगतीकडे लक्ष वेधले आहे: फावल्या वेळचा व्यायाम हृदयास हितकर, पण तेवढेच श्रम पोटासाठी रोज आठ-दहा तास, विश्रांतीवाचून करावे लागले तर ते तसे ठरत नाहीत.

यावर एक बोलके उदाहरण आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर स्त्रीपुरुषांचा रक्तदाब आणि त्यांच्या लघवीतील मिठाचे प्रमाण मोजण्यात आले. ब्राझीलमधील यानोमामी वनवासींचा सरासरी दाब सर्वांत कमी होता: सुमारे ९५ वर ६१, आणि वयाबरोबर तो चढतही नव्हता. हे लोक आळशी नव्हेत. शिकार, लाकूडतोड, बागाईत हे सारे त्यांना अंगावर करावे लागते. पण त्यांच्या अन्नात वरून घातलेले मीठ जवळजवळ नसते, त्यांचे वजन वाढत नाही, आणि त्यांच्या डोक्यावर मुकादम नसतो. यांपैकी मिठाचा भाग त्या पाहणीने मोजून दाखविला. मुकादमाचा भाग मोजला तो दुसऱ्यांनी.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये असे मांडले की नोकरीचा ताण केवळ कामाच्या भाराने ठरत नाही. कामाची मागणी मोठी आणि ते कसे, केव्हा करावे हे ठरविण्याची मुभा थोडी, अशी जोडी जमली की ताण उपजतो. ज्यास भार आहे पण मुभाही आहे, तो थकतो पण खचत नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्क शहरातील सात कामाच्या ठिकाणांच्या २१५ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत अशा ताणाची नोकरी करणाऱ्यांत अतिदाबाचे प्रमाण अधिक निघाले. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना धमन्यांची माहिती नव्हती, परंतु मुभेची प्रतवारी त्यांनी अचूक लावली होती. (अनुवादकाला येथे एक अडचण येते. ‘दाब’ हा शब्द पाण्याकडून रक्ताकडे आला, ‘ताण’ हा दोरीकडून मनाकडे. मराठीत दोन्ही सहज नांदतात आणि वाचक त्यांना एकच समजतो. पण दाब पट्ट्याने मोजता येतो. ताण अजून प्रश्नावलीनेच मोजावा लागतो.)

ही पाहणी प्रौढांची होती. किशोर कामगाराच्या वाट्याला मुभा त्याहूनही थोडी येते. तो सर्वांत धाकटा, म्हणून सर्वांचा हुकूम त्याच्यावर. त्याचे काम ठरलेले नसते. ‘हे आण, ते ने’ हेच त्याचे काम. आणि ते त्याला शाळेनंतर करावयाचे असते. माझ्या समजुतीप्रमाणे खरा घाव बसतो तो येथे, म्हणजे झोपेवर.

निरोगी माणसाचा दाब रात्रीच्या झोपेत दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतो. धमन्यांना तीच काय ती विश्रांती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिरा झोपू लागते, त्यामुळे पहाटे उठविले की नुकसान दुप्पट. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे तेरा ते सोळा वयाच्या २३८ मुलामुलींची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जी मुले अंथरुणावर असूनही वारंवार जागी होत, म्हणजे पडून काढलेल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांपेक्षा अधिक वेळ ज्यांना झोप लागत नसे, त्यांच्यात दाब वाढलेला असण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट आढळली. वजन आणि घरची स्थिती यांचा हिशेब वजा केल्यानंतरचा हा आकडा आहे. तेलीबांध्याचा मुलगा रात्री अकराला भांडी विसळून घरी जातो आणि सकाळी साडेसहाला पुन्हा पेले घेऊन तळ्यावर असतो. बेरीज वाचकांनीच करावी.

त्यात जेवणाची भर पडते. गाडीवर काम करणारा मुलगा गाडीवरचेच खातो: तळलेले, खारट, मालकाने हौसेने किंवा मजुरीच्या पोटी दिलेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. भारतीय माणूस सरासरीने त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. तंबाखू, गुटखा यांची गाठ पडते तीही बहुधा कामाच्याच ठिकाणी. निकोटीन वाहिन्यांना आवळते, म्हणजे नळीच्या तोंडावर अंगठा ठेवते.

शहराबाहेर चित्र निराळे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. बरोबर गेलेली मोठी मुले मोळ्या बांधतात, वाढे गोळा करतात, धाकट्यांना सांभाळतात. उन्हात घाम गाळून पाणी पुरेसे मिळाले नाही तर तात्पुरता दाब उतरतोच, वाढत नाही. धोका पुढे आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्व्हादोर या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत, मधुमेह नसलेल्या तरुण ऊसतोड्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या आरंभापासून नजरेस आले आहे. उष्मा, निर्जलीकरण आणि अतिश्रम यांची वारंवार पडणारी गाठ हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. मूत्रपिंड हेच शरीरातील मीठपाण्याचे व पर्यायाने रक्तदाबाचे नियंत्रक असल्यामुळे, ते दुखावले की अतिदाब मागोमाग येतो.

याच देशांतून व मेक्सिकोतून गेलेली कुटुंबे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘हिस्पॅनिक’ म्हणून ओळखली जातात. तेथे किमान वयाचा कायदा १९३८ चा. पण शेतीला त्यात सवलत आहे, आणि बारा वर्षांचे मूल पालकांच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर शेतावर राबू शकते. तंबाखूच्या ओल्या पानांतून कातडीवाटे निकोटीन शरीरात शिरते आणि मुलांना मळमळ, चक्कर येते. २०१४ मध्ये एका मानवी हक्क संघटनेने अशा १४१ मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, त्यांतील बहुसंख्य हिस्पॅनिक होती. एखाद्या समाजातील मुलांचा दाब चढलेला आढळला की ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणण्याची रीत सर्वत्र आहे. रक्तात काही असेलही. पण ती मुले किती वाजता उठतात आणि कोणाच्या शेतावर जातात, हे विचारल्यावाचून वंशाला दोष देणे मला शास्त्रीय वाटत नाही.

कामाचा परिणाम मूल जन्मण्यापूर्वीच सुरू होतो, हे मात्र आपल्या पुण्याने दाखविले. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची पाहणी करीत आले. तीतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या स्त्रियांच्या दिनक्रमाचा हिशेब मांडला. शेतकाम, पाणी वाहणे, धुणे, असे श्रम ज्या स्त्रियांना गरोदरपणी अधिक पडले, त्यांची बालके आकाराने लहान निघाली. आणि कमी वजनाने जन्मलेल्यांचा दाब मोठेपणी अधिक असतो, हे ब्रिटनमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८९ च्या सुमारास दाखविले होते. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाच्या दंडावरील आकड्यात त्याच्या आईच्या डोक्यावरील हंड्याचाही वाटा असू शकतो.

कायद्याने या गोष्टीकडे पाहिले ते फार सावकाश. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास नेमून दिले! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्या सुट्टीचा लाभ मुलांनाही झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने किमान वय चौदा ठरविले आणि त्यापुढील किशोरास प्रमाणक शल्यवैद्याचा दाखला आवश्यक केला. डॉक्टरने मुलास तपासल्यावाचून कामास लावू नये, हे तत्त्व त्यात होते. परंतु ते कारखान्याच्या फाटकापुरते.

चहाची गाडी हा कारखाना नव्हे. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर व सुट्टीत केलेली मदत तेवढी, तीही धोक्याची नसेल तर, चालते. चौदा ते अठरा या वयासाठी खाणी, स्फोटके आणि घातक प्रक्रिया वर्ज्य आहेत. इतर ठिकाणी, यात दुकाने व खाणावळीही येतात, किशोरास तीन तासांनंतर एक तास विश्रांती, विश्रांतीसह एकूण सहा तासांची मर्यादा, आठवड्याची सुट्टी, आणि सायंकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही, असे नियम आहेत. हा शेवटचा नियम करणाऱ्याच्या मनात रक्तदाब होता की नाही कोण जाणे. पण झोपेचे शास्त्र आज जे सांगते तेच तो सांगतो. तेलीबांध्याची चौपाटी मात्र सायंकाळी सातलाच भरू लागते.

यावर मुलास कामावरून काढा, एवढेच उत्तर पुरे पडणार नाही. त्याच्या मजुरीवर घरात डाळ शिजत असेल, तर ती गेल्याने त्याचे आरोग्य सुधारेलच असे नाही. शाळेला मात्र काही करता येण्याजोगे आहे. योग्य मापाचा पट्टा असलेले एक उपकरण आणि ते वापरण्याची रीत शिकलेला एक शिक्षक पुरेसा होतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा, दोनदा मोजून दुसरा आकडा लिहावा, आणि त्याशेजारी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: काल किती वाजता झोपलास, आणि शाळा सुटल्यावर काय करतोस. तीन वेगळ्या दिवशी आकडा १३० वर ८० किंवा त्याहून वर आला तर मुलास डॉक्टरकडे पाठवावे. त्याच्या आतला असेल तर औषध लागत नाही. झोप, मीठ आणि कामाची वेळ यांकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी मालकाशी व आईबापांशी बोलावे लागते. हे बोलणे पट्टा गुंडाळण्याइतके सोपे नसते.

पुढच्या रविवारी तो मुलगा परिचारिकेकडे आला. आकडा १२६ वर ७६ होता. त्याच्या पुढच्या रविवारी तळ्याकाठी कसलीशी शर्यत होती, चहाच्या गाडीवर पहाटेपासून झुंबड उडाली होती, आणि तिसरी मोजणी राहून गेली.